परिष्ठापनेचा विवेक : घरातील प्लास्टिक आणि संघाचे कर्तव्य

सकाळी दुधाची पिशवी ओट्यावर येते. कात्रीने तिचा कोपरा कापला जातो, दूध पातेल्यात ओतले जाते. पिशवी एकीकडे पडते आणि नखाएवढा तो कोपरा दुसरीकडे. पिशवीला भंगारात भाव असतो, म्हणून ती कोणीतरी उचलून नेण्याची शक्यता असते. कोपऱ्याला भाव नसतो. तो केराबरोबर झाडला जातो, मोरीच्या जाळीतून निसटतो, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जातो. हा कोपरा पूर्ण न तोडता एका बाजूने जोडलेला ठेवला, तर तो पिशवीबरोबरच राहतो आणि पिशवीबरोबरच पुन्हा उपयोगात येतो. यासाठी पैसा लागत नाही, श्रम लागत नाहीत. कात्री धरलेला हात क्षणभर थांबावा लागतो. जैन परंपरेने या थांबण्याला फार पूर्वीच नाव दिले आहे : यतना, किंवा बोलीत म्हणतात ती जयणा.

घरातील प्लास्टिक गोळा करून पुनर्चक्रणासाठी देण्याचे उपक्रम अनेक शहरांत चालतात. नगरपालिका, शाळा, गृहनिर्माण संस्था ते चालवतात. मंदिर, उपाश्रय आणि स्थानक यांच्या आश्रयाने असा उपक्रम सुरू करावा, असा विचार पुढे येतो तेव्हा सहज प्रश्न विचारला जातो, की कचऱ्याचा धर्माशी काय संबंध? या प्रश्नाचे उत्तर आधुनिक पर्यावरणशास्त्रात शोधण्याची गरज नाही. ते पाच समित्यांमध्येच आहे.

टाकण्याचेही शास्त्र

ईर्या, भाषा, एषणा, आदान-निक्षेपण आणि पाचवी उत्सर्ग समिती. श्वेतांबर परंपरेत या पाचव्या समितीला परिष्ठापनिका समिती म्हणतात; दिगंबर आचारग्रंथांत तिला प्रतिष्ठापना असेही नाव आहे. पाच समित्या आणि तीन गुप्ती मिळून अष्ट प्रवचनमाता होतात आणि उत्तराध्ययन सूत्राच्या चोविसाव्या अध्ययनात त्यांचे विवेचन आले आहे. पाचव्या समितीचा विषय एकच : जे नको झाले आहे ते कोठे, कसे आणि किती काळजीने टाकावे. मलमूत्राबरोबरच उरलेला आहार आणि निरुपयोगी झालेली उपधीही त्यात येते. साधू-साध्वींनी जागा डोळ्यांनी पाहावी, ती निर्जीव आहे याची खात्री करावी, कोणाला त्रास होणार नाही असे स्थान निवडावे आणि मगच त्याग करावा, असा तो आचार आहे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वस्तू हातातून सुटली म्हणजे तिच्याविषयीचे उत्तरदायित्व संपले, असे ही समिती मानत नाही. टाकलेल्या वस्तूने पुढे कोणाला पीडा होईल, याचा विचार टाकणाऱ्यानेच करावयाचा आहे. समिती हा महाव्रतींचा आचार असला, तरी तिचा भाव श्रावकाला परका नाही. अणुव्रतांच्या सोबत येणाऱ्या अनर्थदंड विरमण व्रतात प्रमादचर्येचा, म्हणजे प्रयोजनावाचून आणि बेसावधपणे केलेल्या हिंसेचा, निषेध आहे. कोणाचेही हित न साधता जी हिंसा केवळ आळसामुळे घडते तिचे याहून स्पष्ट उदाहरण आज सापडणे कठीण, की जे घरोघरी रोज उकिरड्यावर जाते.

अनेक जैन घरांत आजही जेवण झाल्यावर ताट धुऊन ते पाणी पिण्याची रीत आहे. अन्नाचा कण वाया जाऊ नये आणि खरकट्यात जीवोत्पत्ती होऊ नये, हा त्यामागचा विचार. त्याच घरात अर्धवट रिकामे झालेले शेवेचे पाकीट, तळाशी ताक राहिलेली पिशवी, आमरसाने माखलेला डबा तसाच कचऱ्यात जातो. बंद डब्यात तो ओलावा कुजतो, मुंग्या लागतात, माश्या आणि झुरळे येतात. ताटापुरती जी जयणा पाळली गेली ती पाकिटापाशी येऊन थांबली. परंपरेत काही उणीव आहे असे यातून ठरत नाही. पाकीट स्वयंपाकघरात नंतर आले आणि त्याच्यासाठी रीत घालून देण्याचे राहून गेले, एवढेच ठरते.

गाठ मारलेली पिशवी

या राहून गेलेल्या रितीचे मोल मुके प्राणी चुकवतात. भाज्यांची साले, शिळी पोळी, फळांच्या फोडी प्लास्टिकच्या पिशवीत भरून, वर घट्ट गाठ मारून रस्त्यावर ठेवल्या जातात. गाईला वास येतो. गाठ सोडणे तिला शक्य नसते, म्हणून ती पिशवीसकट गिळते. गाय घास निवडून, चावून खात नाही. आधी गिळते आणि मागाहून रवंथ करते. पोटाच्या पहिल्या कप्प्यात गेलेले प्लास्टिक पचत नाही आणि पुढेही सरकत नाही. महिनोन्महिने साचत जाऊन त्याचा दोरखंडासारखा पिळलेला गोळा होतो. पोट भरल्याची खोटी जाणीव राहते, चारा कमी होतो, दूध आटते आणि पोट फुगलेले दिसत असतानाच जनावर उपासमारीने मरते.

२०१९ मध्ये चेन्नईतील पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या शल्यचिकित्सकांनी एका गाईच्या पोटातून ५२ किलो प्लास्टिक काढले. त्याआधी, २०१२ मध्ये, आंध्र प्रदेशातील करुणा सोसायटी या प्राणिसेवी संस्थेने याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. जनावरांची सेवा करणाऱ्यांना हे नवे नाही. पोटफुगीने आडवी झालेली गाय आणली गेली, की पोटात काय असेल याचा अंदाज त्यांना बाहेरूनच येतो.

जीवदया हा जैन समाजाचा अभिमानाचा विषय आहे. मुंबईच्या भुलेश्वर भागातील पांजरपोळ १८३४ पासून चालत आले आहे. त्याच्या उभारणीत पारशी आणि जैन व्यापाऱ्यांनी मिळून हात दिला होता. गावोगावच्या पांजरपोळांना आणि गोशाळांना चाऱ्यासाठी, औषधासाठी देणगी देणे हा व्यापारी घरांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे. परंतु पर्युषणात जीवदयेची पावती फाडणारा हात आणि रोज संध्याकाळी पिशवीला गाठ मारणारा हात एकाच घरातला असेल, तर हिशेबाच्या एका बाजूला जमा होते ते दुसऱ्या बाजूला खर्ची पडते. प्लास्टिक वेगळे ठेवण्याच्याही आधी घ्यावयाचा पहिला नियम म्हणून हाच : अन्नाचा अंश प्लास्टिकमध्ये बांधून कधीही बाहेर ठेवू नये.

जाळले तरी जात नाही

प्लास्टिक नाहीसे करण्याचे जुने उपाय तीन : जाळणे, पुरणे आणि वाहत्या पाण्यात सोडणे. जुन्या वाड्यांतून अंघोळीच्या बंबात लाकडाबरोबर पिशव्या घालण्याची सवय होती. आजही गच्चीवर किंवा मोकळ्या जागेत कचऱ्याचा ढीग पेटवला जातो. उघड्यावर जळणाऱ्या प्लास्टिकचा धूर विषारी असतो. त्यात पीव्हीसी असेल तर हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखी द्रव्ये निर्माण होतात. तेजस्काय आणि वायुकाय जीवांच्या हिंसेचा विचार करणाऱ्या समाजाला हा मार्ग कोणत्याही दृष्टीने मान्य होण्यासारखा नाही.

पुरलेले प्लास्टिक मातीत विरत नाही. त्याचे फक्त तुकडे होतात. पाण्यात सोडलेले पुन्हा दारात येते. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरात तुंबलेल्या गटारांमागे प्लास्टिकच्या पिशव्यांचाही वाटा होता आणि त्या अनुभवानंतर राज्यात पातळ पिशव्यांवर निर्बंध आले. पुढे २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरावयाच्या अनेक वस्तू बंद झाल्या. मिठाईच्या खोक्यावर आणि निमंत्रणपत्रिकेवर गुंडाळले जाणारे प्लास्टिकचे आवरणही त्या यादीत आहे.

जगाचा हिशेब पाहिला तर तो अधिक अस्वस्थ करणारा आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासानुसार २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक निर्माण झाले होते. त्यातील सुमारे ६३० कोटी टन कचरा झाला आणि त्या कचऱ्यापैकी अवघ्या ९ टक्क्यांच्या आसपास पुनर्चक्रण झाले. १२ टक्के जाळले गेले आणि उरलेले कचराभूमीत किंवा निसर्गात पडून राहिले. गोळा करण्याची व्यवस्था नसणे हे याचे एक कारण. दुसरे, आणि घरापुरते हाती असलेले, कारण म्हणजे गोळा होते तेही ओले, माखलेले आणि एकमेकांत मिसळलेले असते.

प्लास्टिकची जात ओळखणे

प्लास्टिक ही एक वस्तू नव्हे. निरनिराळ्या गुणांच्या द्रव्यांचे ते कुटुंब आहे. कापडाच्या पेढीवर सुती, रेशमी आणि सिंथेटिक एका गठ्ठ्यात बांधले जात नाही, तसेच येथेही मिसळ झाली की मालाची किंमत उतरते. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी एक अंक असतो, त्यावरून जात ओळखता येते.

पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्या बहुधा १ क्रमांकाच्या, म्हणजे पेटच्या. त्यांचे बारीक काप करून पॉलिएस्टरचा धागा काढला जातो. उशीत भरलेला कृत्रिम कापूस किंवा अंगावरचे सिंथेटिक कापड पूर्वी बाटली असू शकते. तेलाचे कॅन, शाम्पूच्या जाड बाटल्या २ क्रमांकाच्या. त्यांचे पाइप आणि बादल्या होतात. ३ क्रमांक पीव्हीसीचा. तो पेटमध्ये थोडासा मिसळला तरी सारा माल बिघडतो, म्हणून तो कटाक्षाने वेगळा. दुधाच्या आणि इतर मऊ पिशव्या ४ क्रमांकाच्या जातीत मोडतात. हॉटेलातून येणारे डबे, बाटल्यांची अनेक झाकणे, धान्याची विणलेली पोती ५ क्रमांकाची, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची. ६ क्रमांक थर्माकोल आणि त्याच्या कुळाचा. ७ मध्ये उरलेले सारे.

सर्वांत अवघड वस्तू म्हणजे वेफर्स, बिस्किटे आणि मसाल्यांची चकचकीत पाकिटे. त्यांत निरनिराळ्या प्लास्टिकचे आणि अनेकदा ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांवर चिकटवलेले असतात. ते वेगळे करणे परवडत नाही, म्हणून भंगारात त्यांना भाव नाही. काही ठिकाणी ती सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात.

पाठशाळेतील मुलांसाठी यात एक सोपा प्रयोग आहे. पेटची बाटली आणि तिचे झाकण यांचे तुकडे पाण्याच्या पातेल्यात टाकावेत. बाटलीचा तुकडा बुडतो, झाकणाचा तरंगतो. पुनर्चक्रणाच्या कारखान्यातही या दोन जाती वेगळ्या करण्यासाठी हाच गुण कामी येतो. दिसायला एकच असलेल्या वस्तूचे दोन स्वभाव मुलांना एका मिनिटात कळतात आणि झाकण वेगळे का ठेवायचे हे पुन्हा सांगावे लागत नाही.

धुण्याचे पाणी

उपक्रमाची गोष्ट निघाली, की एक आक्षेप हमखास येतो आणि तो पोकळ नाही. प्लास्टिक धुऊन ठेवायचे म्हणजे पाणी वापरायचे, आणि पाणी वापरणे म्हणजे अप्काय जीवांची विराधना. कचऱ्याला वाचवताना पाण्याची हिंसा वाढवायची का?

याचे उत्तर घरातील जुन्या जाणत्या बायकांनी आचरणातून दिलेले आहे. दुधाच्या पिशवीत चमचाभर पाणी घालून ती हलवायची आणि ते पाणी चहाच्या आधणात ओतायचे. दुधाचा थेंब वाया जात नाही आणि पिशवीही धुतली जाते. तेलाची पिशवी कापून उघडायची आणि कणीक मळताना तिने ती पुसून घ्यायची. फरसाणाचे पाकीट झटकून, कोरड्या फडक्याने पुसले तरी पुरते. ज्याला पाणी हवेच, त्यासाठी भांडी विसळून झाल्यावरचे शेवटचे पाणी वापरायचे. नवे पाणी घ्यायचे नाही. त्यानंतर वस्तू दोरीवर उलटी टांगून पूर्ण वाळवायची. वाळलेले प्लास्टिक वासाचे होत नाही, त्यात जीवोत्पत्ती होत नाही आणि ते महिनाभर निर्धास्त ठेवता येते. स्वच्छ आणि कोरडे ही कारखान्याची अट आहे. तीच अहिंसेचीही आहे.

ठेवण्यासाठी गॅलरीत एक मोठी कापडी पिशवी टांगलेली पुरते. आठवड्यातून एकदा ती उघडून पाहावी, मुंगी-कीटक नाहीत ना याची खात्री करावी. उपकरणांचे पडिलेहण करणाऱ्या परंपरेला ही सवय निराळी शिकवावी लागणार नाही.

आधी घेणारा, मग गोळा करणे

असे उपक्रम उत्साहाच्या अभावामुळे सहसा बंद पडत नाहीत; उत्साह आधी येतो आणि व्यवस्था मागे राहते, हे त्यांचे दुखणे असते. प्रवचनात आवाहन होते, पुढच्या रविवारी उपाश्रयाच्या तळमजल्यावर पोत्यांचा ढीग लागतो आणि मग ते कोणी न्यायचे याची चौकशी सुरू होते. ढीग पावसात भिजतो, उंदीर लागतात, शेवटी सारे महापालिकेच्या गाडीत जाते. ज्यांनी महिनाभर पाकिटे पुसून ठेवली त्यांचा विश्वास उडतो आणि दुसऱ्या वेळी तेच घर पुढे येत नाही.

म्हणून क्रम उलटा हवा. पहिल्यांदा घेणारा ठरवावा. गावातील भंगार व्यावसायिक, प्लास्टिकचा दाणा करणारा कारखानदार, महापालिकेचे सुक्या कचऱ्याचे केंद्र किंवा कचरावेचकांची संस्था, यांपैकी कोण काय घेते, किती घेते आणि पुढे त्याचे काय करते हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. बऱ्याच संघांत पॅकिंगच्या किंवा प्लास्टिकच्या व्यापारातील कोणीतरी असतेच. त्यांच्या व्यवसायाविषयी कुजबुज करण्यापेक्षा त्यांचे ज्ञान मागितले, तर मालाची पारख आणि बाजारातील ओळख दोन्ही घरबसल्या मिळतील.

घेणारा जे घेईल तेवढ्याचीच यादी करावी. ती एका पानावर, चित्रांसह असावी आणि घरोघरी द्यावी. आरंभी संपूर्ण संघ नको. एका गल्लीतील किंवा एका इमारतीतील वीस-पंचवीस कुटुंबे पुरेत. चातुर्मासाचे चार महिने हा उत्तम काळ, कारण प्रवचनानिमित्त लोक रोज येतात आणि नियम घेण्याची मनाची तयारी असते. गोळा करण्याचा दिवस महिन्यातून एकच आणि ठरलेला असावा. महिन्याचा पहिला रविवार, पाठशाळेच्या वेळेला जोडून. पुण्यातील 'सागरमित्र' अभियानाने शाळांमधून हीच पद्धत रुजवली : मुलांनी घरचे रिकामे, स्वच्छ, कोरडे प्लास्टिक साठवायचे आणि ठरलेल्या दिवशी शाळेत आणायचे. मुलाच्या हातात पिशवी असली, की मोठ्यांचा विसर पडत नाही.

जमा झालेला माल त्याच दिवशी पुढे जावा. धर्मस्थानात प्लास्टिकचा साठा करणे आगीच्या दृष्टीने धोक्याचे आहे. मीटरच्या खोलीजवळ किंवा जिन्याखाली तो कदापि ठेवू नये.

वही आणि वजनकाटा

व्यापारी समाजाजवळ या कामासाठी लागणारे सर्वांत मोठे साधन आधीच आहे, ते म्हणजे हिशेबाची सवय. दुकानातला एक साधा वजनकाटा आणि एक वही आणावी. प्रत्येक कुटुंबाची आवक जातवार लिहावी : बाटल्या किती, मऊ पिशव्या किती, डबे किती. समोर जावक लिहावी : कोणाला दिले, किती वजन, काय भाव मिळाला. पेढीवर शिल्लक माल असणे वाईट मानले जात नाही. या वहीत मात्र महिन्याअखेरची शिल्लक शून्य असली पाहिजे. शिल्लक दिसली, तर ते कोठेतरी पडून आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा रकाना परत केलेल्या वस्तूंचा असावा. घेणारा नाही म्हणून जी पाकिटे घरी परत पाठवावी लागली त्यांची नोंद संकोच न करता ठेवावी आणि फळ्यावर लावावी. काही महिन्यांत या रकान्यात तीच ती नावे दिसू लागतात : लहान पाकिटातले वेफर्स, एकेका चहापुरती पावडर, शाम्पूच्या पुड्या. ही यादी म्हणजेच पुढल्या त्यागाची यादी. भोगोपभोग परिमाण व्रतात श्रावक वस्तूंची मर्यादा करतो. ती मर्यादा कोठे घालावी, याचे उत्तर वही आपोआप देते. मोठा डबा आणणे, सुटी डाळ कापडी पिशवीत घेणे, पुड्यांऐवजी बाटली घेणे, असे नियम मग नेमके आणि पाळता येण्याजोगे होतात.

हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे, कारण पुनर्चक्रण म्हणजे दोषमुक्ती नव्हे. प्लास्टिक दर वेळी वितळवले, की त्याचा कस उतरतो. बाटलीचा धागा होतो, पण त्या धाग्याची पुन्हा बाटली सहसा होत नाही. वापर वाढवत राहायचे आणि महिन्याच्या रविवारी पोते देऊन निश्चिंत व्हायचे, हे प्रायश्चित्ताच्या भरवशावर दोष करण्यासारखे आहे. वहीतील आवक वर्षागणिक वाढली तर उपक्रम यशस्वी झाला असे कोणी समजू नये. कुटुंबांची संख्या तीच राहून वजन घटले, तर ते खरे यश.

ज्यांच्या हातांनी हे घडते

भारतातील प्लास्टिकचे पुनर्चक्रण मोठ्या अंशी कचरावेचकांच्या हातांवर उभे आहे. पुण्यात १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही त्यांची संघटना स्थापन झाली. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आकाराला आली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून ती घरोघरी कचरा गोळा करू लागली. दारात येणारी ती बाई ओला कचरा नेते, तेव्हा तिच्या उत्पन्नाचा एक भाग घरोघरच्या सेवाशुल्कातून येतो आणि दुसरा सुक्या कचऱ्यातील विकण्याजोग्या मालातून.

संघाने चांगल्या बाटल्या आणि पिशव्या काढून घेऊन स्वतःच विकल्या आणि तिच्या वाट्याला फक्त खरकटे ठेवले, तर एका पुण्यकार्यात दुसऱ्याच्या भाकरीची चोरी होईल. म्हणून उपक्रमाच्या पहिल्या बैठकीत परिसरातील कचरावेचक महिलेलाही बोलवावे. माल तिच्यामार्फतच जावा किंवा मिळालेली रक्कम तिला द्यावी. ही रक्कम लहानच असते. मंदिराच्या भांडारात तिने फरक पडत नाही, तिच्या घरात पडतो. स्वच्छ आणि कोरडा माल हातात आला तर तिला मिळणारा भाव वाढतो, आणि कुजक्या ढिगात हात घालून काचेने बोटे कापून घेण्याचे टळते. जीवदयेत मनुष्यही येतो, याचा विसर पडू नये.

संघाचे आपले घर

घरोघरी नियम सांगण्याआधी संघाने आपल्या कार्यक्रमांकडे पाहणे उचित ठरेल. प्रवचनानंतरची प्रभावना बहुधा प्लास्टिकच्या आवरणात येते. साधर्मिक वात्सल्याच्या पंगतीनंतर वापरून फेकलेल्या ताटल्या आणि पेले पोत्यांनी निघतात. विवाहात दर पानाशेजारी पाण्याची लहान बाटली असते. दोन घोट पिऊन ती तशीच राहते. उकळलेले पाणी पिणाऱ्या तपस्व्यांना ती बाटली चालतही नाही, त्यांच्यासाठी हंडा वेगळा ठेवावा लागतोच. तोच हंडा थोडा मोठा ठेवला आणि स्टीलचे पेले मांडले, तर शेकडो बाटल्या मुळातच येणार नाहीत.

महिला मंडळाने स्टीलच्या ताट-वाट्यांचा एक संच संघासाठी घेतला, तर तो पंगतींना आणि घरगुती कार्यांनाही नाममात्र शुल्कात देता येतो. अशी भांडी अनेक गावांच्या संघांत पूर्वी होतीच. दात्यांची नावे कोरलेली ताटे जुन्या कोठ्यांतून आजही निघतात. ती पुन्हा घासून बाहेर काढायची आहेत, इतकेच. प्रभावनेची वस्तू कागदात किंवा सुटी देता येते. तपाच्या अनुमोदनाच्या फलकासाठी प्लास्टिकच्या फ्लेक्सऐवजी कापड वापरता येते आणि पुढल्या वर्षी त्याच कापडाची पिशवी होते.

दुकानापर्यंत

घराचा नियम स्थिरावला, की पुढचे पाऊल दुकानाचे. व्यापारी कुटुंबाच्या घरातून महिन्यात जेवढे प्लास्टिक निघते त्याहून कितीतरी अधिक त्याच्या दुकानातून आणि गोदामातून निघते : साड्यांच्या आणि शर्टांच्या पारदर्शक पिशव्या, खोक्यांवरची फिल्म, बांधणीच्या पट्ट्या, पोती. हे प्लास्टिक न वापरलेल्यासारखे स्वच्छ आणि एकाच जातीचे असते. त्याला भावही चांगला मिळतो. ते घरच्या मालात न मिसळता दुकानातच वेगळे ठेवावे आणि थेट द्यावे.

गिऱ्हाइकाला पिशवी देण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पिशवी दिली नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, ही तक्रार खोटी नाही. परंतु राज्याच्या नियमांत पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंडासह तीन महिन्यांपर्यंत कारावास सांगितला आहे. धर्म बाजूला ठेवून केवळ व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तरी हा सौदा तोट्याचा आहे. एकटा दुकानदार बदलला तर त्याचे नुकसान होईल. एका पेठेतील सर्व जैन दुकानदारांनी एका दिवशी ठरवले, तर गिऱ्हाइकाला पिशवी घरून आणण्याची सवय लागेल. पर्युषणात दुकाने एकत्र बंद ठेवणारा समाज एवढी एकी करू शकतो.

संवत्सरीच्या प्रतिक्रमणात चौऱ्यांशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागितली जाते. त्या योनींत पांजरपोळात आडवी पडलेली ती गायही आहे. तिला क्षमेचा शब्द कळणार नाही. पिशवीला गाठ न मारणे कळेल, कारण त्या दिवशी तिच्या तोंडी नुसती भाजीची साले येतील. येत्या चातुर्मासाच्या पहिल्या बैठकीत विश्वस्तांनी एक वही, एक वजनकाटा आणि घेणाऱ्याचे एक नाव एवढे निश्चित केले, तर आरंभ झाला असे समजावे. घरात मात्र बैठकीची वाट पाहण्याचे कारण नाही. उद्या सकाळी दुधाची पिशवी ओट्यावर येईलच; तिचा कोपरा तिलाच जोडलेला राहू द्यावा.